पोत्याच्या तोंडाची शिवण

आईला जाऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत तिच्याविषयी लिहायला मी कितीतरी वेळा बसले आणि तशीच उठले. तिच्या आजारपणाबद्दल मला लिहायचं नाही. ते जवळच्यांना माहीत आहे, आणि इतरांना सांगून काही उपयोग नाही. मला लिहायचं आहे एका टीव्ही मालिकेबद्दल, आणि त्या मालिकेबद्दल आईचं जे मत होतं त्याबद्दल. ते मत मालिकेच्या शेवटाच्या अगदी विरुद्ध होतं. आणि बरोबर होतं.

हिंगोली जिल्हा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. कळमनुरीत आम्ही दोघीच राहायचो. वडील मी लहान असतानाच गेले होते. मी बारावीला होते आणि घर आईच्या दाभणावर चालत होतं. दाभण म्हणजे पोती शिवायची वीतभर लांबीची जाड सुई. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानावर आई फाटका बारदाना, म्हणजे रिकामी पोती, सांधायची आणि धान्यानं भरलेल्या पोत्यांची तोंडं सुतळीनं शिवून बंद करायची. पोत्याच्या दोन्ही टोकांना हमालाला धरण्यासाठी कान सोडायचे, एका कानापासून सुरू करायचं आणि दुसऱ्या कानाशी गाठ मारायची. दिवसाला किती पोती व्हायची हे तिनं कधी मोजलं नाही, पण स्वतःचं शिवलेलं पोतं ती गाडीभर थप्पीतून दुरून दाखवू शकायची.

त्या वर्षी तुरीचा हंगाम संपल्यावर गोदामातली काही पोती वजनात कमी भरली. दुकानाच्या शेटजींनी सगळ्यांना बोलावलं. गोदामाची चावी ज्याच्याकडे असायची तो माणूस म्हणाला, कुलूप तर जसंच्या तसं आहे, मग पोती भरतानाच कमी भरली असणार. पोत्यांची तोंडं बंद केली होती आईनं. म्हणजे बोट कुणाकडे होतं हे सांगायची गरज नव्हती.

आई बराच वेळ त्या पोत्यांवर वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "ही शिवण मपली न्हाई. उसवून परत शिवलीत. अन् शिवणारा डावखुरा हाय. टाके समदे उलटे कलल्यात."

दुकानाचे मुनीमजी बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत. ते म्हणाले, "बाई, शिवणीला काय नाकडोळे असत्यात व्हय वळखायला? अन् डावखुरा आपल्याकडं हाय कोण? दाखवा बरं."

सगळे हसले. डावखुरा खरंच कुणी नव्हता. शेटजी वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही काय करावं हे कळेना. ते म्हणाले, "काही दिवस येऊ नका तुमी." ते काही दिवस वाढत वाढत गेले. आई घरीच शेतकऱ्यांची फाटकी पोती शिवायला घेऊ लागली. काम कमी झालं याचा त्रास होताच. पण तिला खरं लागलं होतं ते वेगळंच. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं होतं, आणि ते हसण्यावारी गेलं होतं. मोंढ्याकडून येणारा कुणी रस्त्यात भेटला की ती पदर सारखा करायची आणि उगाचच दुसऱ्या बोळानं वळायची.

त्याच दिवसांत दर रविवारी सकाळी ती मालिका सुरू झाली. सरकारी खजिन्यातून नोटांनी भरलेली पोती नेताना एक पोतं मधेच बदललं जातं आणि मुक्कामाला पोचल्यावर त्यातून रद्दी निघते, अशी गोष्ट होती. आतल्या माणसाशिवाय हे होणं शक्य नव्हतं. तो आतला माणूस कोण, हे शेवटच्या भागापर्यंत कळणार नव्हतं. पडद्यावर पत्ता यायचा आणि प्रेक्षकांनी आपली मतं पत्रानं कळवावीत असं सांगायचे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहायचे. त्यांच्याकडे लहान कृष्णधवल टीव्ही होता, आणि लाइट गेली तर तो चालवायला एक बॅटरीही होती. रविवारी अर्धी गल्ली त्यांच्या पडवीत जमायची. मुनीमजी आमच्याच गल्लीतले, त्यामुळे तेही यायचे. मालिका सुरू व्हायच्या आधी गुरुजी वर्गात घेतात तशी मागच्या भागाची उजळणी घ्यायचे. मग मतं सुरू व्हायची.

गुरुजींचं मत, चोर म्हणजे तो मोठा अधिकारी. "जो सारखे नियम सांगून राहिला, त्याच्यावर पहिली नजर ठेवावी."

"मंग गुरुजी, पहिली नजर तुमच्यावरच ठेवावी लागंल," असं मुनीमजी म्हणायचे. त्यांचा संशय चौकीदारावर होता. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, त्या अधिकाऱ्याच्या बायकोवर अडून होत्या. "दर रविवारी नवं लुगडं! एका पगारात होतंय का हे? मला काय शिकवून राहिलेत?"

आई दाराशी बसायची. तिथं उजेड चांगला यायचा आणि मांडीवर कुणाचं तरी फाटकं पोतं असायचं. ती अधूनमधून वर बघायची, बोलायची नाही. मी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन बसायचे आणि वाचत असल्याचं दाखवायचे.

सहाव्या की सातव्या भागात ते बदललेलं पोतं पडद्यावर अगदी जवळून दाखवलं. तपासाला आलेला अधिकारी त्यावरून हात फिरवत होता. आईचं दाभण थांबलं.

"ह्ये पोतं येगळं हाय," ती म्हणाली.

"ते तर समद्यालाच ठाऊक हाय बाई, बदललंय म्हणूनच तर मालिका हाय," गुरुजी म्हणाले.

"तसं न्हाई. मागल्या रविवारी गाडीत चढवताना दाखवलं त्याची शिवण उजव्या हाताची व्हती. ही डाव्या हाताची हाय."

मुनीमजींनी कपाळावर हात मारला. "घ्या! इथंबी डावखुरा! बाई, तुमाला सपनातबी डावखुराच दिसून राहिला का?"

पडवी हसली. मी पुस्तकात तोंड खुपसलं. आई हसली नाही, रागावलीही नाही. ती पडद्याकडेच बघत होती. थोड्या वेळानं खजिन्याचा रोखपाल एका कागदावर सही करताना दिसला. त्यानं लेखणी डाव्या हातात धरली होती.

"मंग चोर ह्योच," आई म्हणाली, आणि पुन्हा पोतं शिवायला लागली.

घरी आल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "पण आई, मोंढ्यात तर डावखुरा कुणीच नाही ना? मग तिथलं काय?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आपल्यात लेकरू डाव्या हातानं जेवाया लागलं की मार खातं. डाव्या हातानं लिहिलं की मास्तर पट्टी मारतो. समद्यायचा जेवायचा हात उजवाच असतो, पोरी. पण दाभण धरायला कुणी मारून शिकवत न्हाई. ज्या हातात जोर हाय, त्याच हातात ते जातं."

मी बारावीपर्यंत शिकलेली होते. मला ते कधी सुचलं नव्हतं.

शेवटच्या भागाच्या दिवशी पडवीत जागा नव्हती. काही माणसं अंगणात उभी होती. आणि शेवटी चोर निघाला तो गाडीचा ड्रायव्हर. गुरुजींचा अधिकारी सुटला, मुनीमजींचा चौकीदार सुटला, काकूंची ती लुगडेवालीही सुटली, आणि आईचा रोखपाल तर ड्रायव्हरला पकडून देणारा निघाला. चुकले सगळेच होते. पण मुनीमजी उठून आईसमोर येऊन उभे राहिले.

"हारल्या बाई तुमी! शिवणीवरून चोर धरता आला असता तर सरकारनं पोलिसांच्या हातात काठीऐवजी दाभण दिलं असतं."

एवढ्या माणसांत ते वाक्य जोरात ऐकू गेलं. मागे कुणीतरी म्हणालं, "तुरीचंबी असंच म्हणत व्हती ती." मला वाटलं आई उठून निघून जाईल. तिनं आधी सुतळीची गाठ मारली, दाभण पोत्यात खोचलं, आणि मग म्हणाली, "मालिका चुकली."

घरी येऊन तिनं मला पोस्टकार्ड काढायला लावलं.

मी म्हणाले, "आई, ती रचलेली गोष्ट आहे. चोर लेखकानं ठरवला. पोतं कुणीतरी असंच शिवलं असेल."

"असंच म्हंजी?" ती माझ्याकडे वळली. "कुणीतरी शिवलं ना? त्याला हात व्हता ना? गोष्ट खोटी असंल, पण पोतं तर खरं व्हतं. तेच लिही."

मी बारीक अक्षरात लिहायला बसले. तिनं सांगितलं ते असं होतं: गाडीत चढवलेलं पोतं उजव्या हाताच्या माणसानं शिवलं आहे. बदललेलं पोतं डावखुऱ्या माणसानं शिवलं आहे, कारण टाके उलट बाजूला कललेले आहेत आणि गाठ दुसऱ्या कानाशी आहे. तुमचा ड्रायव्हर काडी उजव्या हातानं ओढतो, गाडीचं दार उजव्या हातानं लावतो. हे पोतं त्याच्या हातचं नाही. तुम्ही भलत्याच माणसाला धरलं आहे.

मी वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिनं थांबवलं. "ह्ये 'कदाचित' काहून लिवलं?"

"नम्रपणानं लिहावं म्हणून."

"मला दिसलंय ना? मंग कदाचित कशाला? खोड ते."

मी खोडलं. खाली तिचं नाव लिहिलं आणि त्याखाली, हाताच्या सवयीनं, मुक्काम पोस्ट कळमनुरी, जिल्हा परभणी.

मालिका संपल्यावर दोन-तीन रविवार गेले आणि मग एक भाग फक्त प्रेक्षकांच्या पत्रांचा लागला. त्या सकाळी नेमकी लाइट गेली. गुरुजींनी बॅटरी जोडली. चित्र जरा लहान झालं होतं आणि कडांना थरथरत होतं. समोर एक निवेदिका आणि मालिकेचे दिग्दर्शक बसले होते. आधी बरीच पत्रं वाचली. कुणाला संगीत आवडलं होतं, कुणाला शेवट आधीच कळला होता, कुणी ड्रायव्हरला माफ करा म्हणून विनवलं होतं. काकूंना जांभया यायला लागल्या. मग निवेदिकेनं एक कार्ड उचललं आणि म्हणाली, "हे पत्र आलंय परभणी जिल्ह्यातल्या कळमनुरीहून."

"हिंगोली! हिंगोली म्हणा!" अख्खी पडवी टीव्हीवर ओरडली. गुरुजी माझ्याकडे वळले. "परभणी कुणी लिवलं? बारावीला ना तू?" मी काही बोलायच्या आत आईचं नाव पडद्यातून ऐकू आलं आणि सगळे पडद्याकडे वळले.

तिनं पूर्ण पत्र वाचलं. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर दिग्दर्शक हसायला लागले. मला वाटलं, आता हेही हसणार. पण ते कुणाला तरी हाक मारून म्हणाले, "या, या, पुढे या." एक मध्यमवयाचा माणूस लाजत त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला.

"हे आमच्याकडे सगळं सामान सांभाळतात," दिग्दर्शक म्हणाले. "पहिलं पोतं आम्ही बाजारातून शिवलेलंच आणलं होतं. दुसरं यांनी शिवलं. दाखवा हो, कुठल्या हातानं?"

त्या माणसानं डावा हात वर केला.

"एवढी पत्रं आली, पण हे कुणालाच दिसलं नाही. मलाही नाही. आम्ही आमच्या गोष्टीत चोर एकाला केलं, पण पोतं शिवणाऱ्याला बाईंनी तिकडे घरी बसून पकडलं. बाई, चूक आमची. तुमचं बरोबर."

पडवीत काय गोंधळ झाला ते मला नीट आठवत नाही. काकूंनी डबा उघडून साखरेची मूठच आईच्या तोंडाशी धरली एवढं आठवतं. गुरुजी स्वतःच्या खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बाई, इथं बसा." आई बसली नाही. मुनीमजी तेवढे खाली वाकले होते. ते चपला शोधत होते, आणि त्या त्यांच्या पायाशीच होत्या.

मी आईकडे पाहिलं. ती पोतं शिवत होती. पण तिचा शेवटचा टाका वाकडा पडला होता. इतक्या वर्षांत तिचा वाकडा टाका मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं तो उसवला आणि पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजीच आमच्या दारात आले. आत न येता म्हणाले, "शेटजींनी बोलावलंय. दाभण घिऊन या म्हणले." शेटजींनीही तो पत्रांचा भाग टीव्हीवर पाहिला होता. त्या दिवशी मी कॉलेज बुडवलं.

मोंढ्यात सकाळचे सौदे आटोपले होते. शेटजींनी भुसा भरलेली दहा पोती तयार ठेवली होती. आईला बाहेर ओट्यावर बसवलं. दुकानातल्या दहा जणांनी आत जाऊन एकेक पोतं शिवायचं आणि आईनं ते कुणी शिवलं हे सांगायचं, असं ठरलं. बघता बघता शेजारच्या दुकानांचे हमाल, धान्य मापणारे मापारी, माल घेऊन आलेले शेतकरी असे सगळे गोळा झाले. हे सगळं होत असताना आईचा चेहरा इतका शांत होता की मला तिची भीती वाटली. एक जरी चुकलं असतं तरी सगळं संपलं असतं.

पहिली सहा पोती हमालांची होती. ती तिनं एकेकदा हात फिरवून सांगितली. सातव्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "ह्ये शेटजींचं."

"कशावरून?" शेटजी चकित झाले.

"एवढी सुतळी फकस्त मालकच लावू शकतो."

सगळा मोंढा हसला. शेटजी सगळ्यांत जोरात हसले. आठवं मापाऱ्याचं निघालं. नववं पोतं आणलं तेव्हा ती त्याच्याकडे बघत राहिली. टाके बारीक, सारख्या अंतरावर, एका रेषेत होते. "ह्यो हात लेखणीचा हाय. दाभण पहिल्यांदाच धरलंय. टाके न्हाई घातले, अक्षरं काढलीत."

मुनीमजी आतून बाहेर आले. त्यांच्या बोटाला दाभण टोचलं होतं आणि ते बोट चोखत होते.

दहावं पोतं येईना. आत चावीवाला होता. थोड्या वेळानं तो तसाच बाहेर आला. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. "लागलंय हाताला," तो म्हणाला.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "डाव्याला लागलंय ना? मंग उजव्यानं शिव. तू तर उजवाच हायस."

त्यानं उजव्या हातात दाभण घेतलं. दोन टाके घातले. तिसऱ्याला सुतळीचा गुंता झाला आणि दाभण हातातून सुटून खाली पडलं. कुणी हसलं नाही. शेटजींनी गोदामातून त्या तुरीच्या पोत्यांपैकी जपून ठेवलेलं एक पोतं आणून त्याच्यासमोर ठेवलं. तो त्या उलट कललेल्या टाक्यांकडे बघत उभा राहिला. मग त्यानं कमरेची चावी काढून ओट्यावर ठेवली आणि निघून गेला.

शेटजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, चूक मपली. आजपासून तुमी हात फिरवल्याबिगर एकबी पोतं गोदामाबाहेर जाणार न्हाई. लागा कामाला."

आई उठली. "आज न्हाई. शेतकऱ्याचं पोतं घरी अर्धं राहिलंय. उद्या येते." दोन पावलं जाऊन ती वळली. "मुनीमजी, असत्यात का न्हाई शिवणीला नाकडोळे?"

मुनीमजींनी तोंडातलं बोट काढलं. "असत्यात बाई. लई चांगले असत्यात."

मोंढ्याच्या मधल्या रस्त्यानं आम्ही घरी निघालो. कितीतरी महिन्यांनी ती त्या रस्त्यानं चालत होती. हमाल दोन्ही बाजूंनी ओरडत होते, "टीव्हीवाल्या बाई, मपलं पोतं वळखा की!" आणि ती चालता चालताच उत्तर देत होती, "तुहं तर दुरूनच वळखते, गाठ कधी नीट मारत न्हाईस." माझ्यापुढे ती इतकी ताठ चालत होती की मला जवळजवळ पळावं लागत होतं.

त्यानंतर कित्येक वर्षं ती त्या दुकानावर होती. पुढे पोती शिवायचं यंत्र आलं आणि यंत्राचे टाके सगळे सारखे असतात म्हणून तिला त्यांचं कौतुक नव्हतं. "ह्यात कोण हाय ते कळत न्हाई," असं म्हणायची. मी शिकले, ग्रंथपाल झाले, दुसऱ्या गावी नोकरीला गेले. टीव्हीवर चोरीच्या मालिका कितीतरी आल्या. तिनं एकही पुरी पाहिली नाही. एक जिंकली तेवढी पुरे, म्हणायची.

कळमनुरीच्या घरी तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी होता, त्या दिवशी सकाळी एक ऑटोवाला दारात ज्वारीचं पोतं उतरवून गेला. "मोंढ्यातून धाडलंय," एवढंच तो म्हणाला. कुणी धाडलं ते सांगितलं नाही. घरात माणसांची ये-जा चालू होती. मी पोत्याजवळ बसले. यंत्राची शिवण नव्हती. हाताची होती, थोडी थरथरलेली, पण टाके बारीक, सारख्या अंतरावर, एका रेषेत होते.

मी फोन लावला. "मुनीमकाका, ज्वारी मिळाली."

ते आता मोंढ्याजवळ मुलाकडे राहतात, गुडघ्यांनी काम सोडल्यामुळे घराबाहेर पडत नाहीत, हे मला माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, "ऑटोवाल्याला नाव सांगू नको म्हणलो व्हतो. सांगितलं का त्यानं?"

"नाही काका."

"मंग?"

"अक्षर ओळखलं, काका." पलीकडून आधी खोकला आणि मग मोठ्यानं हसू ऐकू आलं. ते तिथल्या कुणाला तरी सांगत होते, "अरे, पोरीलाबी दिसतंय! लेकीलाबी दिसून राहिलंय!"

फोन ठेवून मी पोत्याकडे वळले. घरातल्या कुणीतरी सुतळी कापायला विळी पुढे केली. मी ती घेतली नाही. कानाशी गाठ शोधली, सोडवली, आणि सुतळीचं टोक धरून आई ओढायची तसं एकदाच ओढलं. सगळी शिवण एका दमात मोकळी झाली.